डिमेन्शियासाठी उपकरण बनवताय? या चुका टाळा

"यंत्र उत्तम आहे, पण आजी ते वापरतच नाहीत." डिमेन्शियासाठी, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती खालावत नेणाऱ्या आजारांसाठी, उपकरणं बनवणाऱ्यांच्या बैठकीत हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: "आजार वाढला असेल." मला हे उत्तर पटत नाही. आजारावर खापर फोडण्याआधी आपलं यंत्र त्या माणसाकडून नेमकं काय मागतंय, हे तपासायला हवं. बहुतेकदा ते तेच मागत असतं जे आजाराने हिरावून घेतलंय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ५ कोटी ७० लाख लोक डिमेन्शियासह जगत होते आणि दरवर्षी जवळजवळ १ कोटी लोकांना तो नव्याने होतो. एवढी गरज आहे म्हटल्यावर उपकरणंही भराभर येणारच. पण नुसती संख्या वाढवून भागत नाही. ब्रिटनमधल्या 'अटिला' या मोठ्या चाचणीत डिमेन्शिया असलेल्या ४९५ जणांचा दोन वर्षं मागोवा घेतला गेला. एका गटाला गरजा तपासून सेन्सर आणि दूरस्थ देखरेखीची पूर्ण व्यवस्था दिली, तर दुसऱ्याला धुराची सूचना देणाऱ्या यंत्रासारखी मोजकीच साधनं. २०२१ साली निष्कर्ष आले. पूर्ण व्यवस्था मिळालेले लोक स्वतःच्या घरात जास्त काळ राहू शकले, असं काही दिसलं नाही. तंत्रज्ञान निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मी घेत नाही. मात्र घरभर साधनं बसवली की काम झालं, हा समज सोडायला हवा.

स्मृतीचा आधार म्हणून दिलेलं यंत्रच स्मृतीवर उभं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ, पिन विचारणारा टॅब्लेट, आधी ठरावीक शब्दाने हाक मारल्याशिवाय न ऐकणारा स्पीकर: यातलं प्रत्येक साधन वापरायचं तर आधी काहीतरी लक्षात ठेवावं लागतं.

डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. त्यात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा नव्या आठवणी साठवणारा भाग लवकर बाधित होतो, त्यामुळे आज सकाळी शिकवलेलं संध्याकाळी उरत नाही. हाताला बसलेल्या सवयी मात्र मेंदूच्या वेगळ्या भागांवर चालतात आणि बऱ्याच काळ टिकतात. रिसीव्हर उचलला की बोलायचं, बटण फिरवलं की रेडिओ लागतो, हे हातांना माहीत असतं. म्हणून आतलं तंत्र कितीही नवं ठेवा, बाहेरची कृती जुनीच हवी. काही नवं शिकवणं भागच असेल तर ते आजाराच्या सुरुवातीला शिकवा. एकच कृती, चूक होऊ न देता, आणि उजळणीतलं अंतर हळूहळू वाढवत. 'आत्ता गरज नाही, पुढे बघू' म्हणून लांबवलेलं साधन घरात येतं तेव्हा शिकायची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

आवाज झाला म्हणजे निरोप पोचला, असं धरून चालणं

आपोआप गोळ्या देणाऱ्या डबीचं उदाहरण बघा. ठरलेल्या वेळी डबी 'पीप पीप' करते आणि तिचा लाल दिवा लुकलुकतो. आजी खुर्चीतून उठतात, दार उघडून बघतात. कुणीच नाही. मग फोन उचलून कानाला लावतात. पीप पीप चालूच. आता त्या अस्वस्थ होतात, आवाज कुठून येतोय ते शोधत खोल्यांमधून फिरतात. थोड्या वेळाने आवाज थांबतो आणि नोंद होते, 'प्रतिसाद नाही'. खरं तर त्यांनी प्रतिसाद दिला होता, तोही दोनदा. हा आवाज कशाचा आणि आता काय करायचं, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

अशा वेळी आवाजाची पट्टी वाढवून उपयोग नाही. नुसत्या पीपऐवजी स्पष्ट शब्द वापरा आणि एका वेळी एकच काम सांगा: "गोळी घ्यायची वेळ झाली. गोळी टेबलावरच्या डबीत आहे." पण भिंतीतून अचानक आलेल्या अनोळखी आवाजाने काही जण घाबरतात. बोलणारं यंत्र समोर दिसलं पाहिजे, आणि ते ओळखीच्या आवाजात बोललं तर रुचतं का, हे त्या व्यक्तीबरोबरच ठरवा. दोन भाषा बोलणारे पुष्कळ जण आजार वाढत जातो तसे लहानपणीच्या भाषेकडे वळतात, म्हणून भाषाही विचारून घ्या.

वयामुळे ऐकू कमी येतं ते आधी उंच स्वरांचं. नेहमीचे धूरसूचक साधारण ३,००० हर्ट्झच्या तीक्ष्ण सुरात वाजतात. ज्येष्ठांना झोपेतून उठवायला ५२० हर्ट्झच्या आसपासचा खालचा सूर जास्त उपयोगी ठरल्याचं अभ्यासांत दिसलंय. हा बदल स्वस्त आहे आणि तरीही बहुतेक आराखड्यांत राहून जातो.

यंत्राने प्रश्न विचारला असेल तर थांबायलाही शिकवा. उत्तर जुळवायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात 'समजलं नाही' असं ऐकू आलं की माणूस बोलणंच सोडून देतो.

पडदा आपल्या डोळ्यांनी तपासणं

डिमेन्शियात डोळे ठीक असूनही दिसलेल्या गोष्टीचा अर्थ चुकू शकतो. काळं पायपुसणं खड्ड्यासारखं वाटतं, चकचकीत फरशी ओली वाटते. बंद टॅब्लेटच्या काळ्या काचेत संध्याकाळी स्वतःचाच चेहरा दिसला तर घरात कुणी परकं शिरलंय असं वाटू शकतं. म्हणून पडदा मोकळा सोडू नका, त्यावर वार आणि 'सकाळ' किंवा 'रात्र' असं मोठ्या अक्षरात सतत दिसू द्या. दुपारी झोपून सहा वाजता उठलेल्या माणसाला नुसत्या आकड्यावरून सकाळ की संध्याकाळ, हे कळत नाही.

'टच चालत नाही' अशी तक्रार आली तर आधी बोटं पाहा. वयाबरोबर त्वचा कोरडी होते आणि पडद्याला स्पर्श नीट कळत नाही. बोट जास्त वेळ टेकलं की यंत्र ते वेगळीच आज्ञा समजतं. दाबून धरणं, ओढणं, दोन बोटांनी मोठं करणं, हे सगळं बंद करा. आपोआप होणारे अपडेटही आवरा. एका रात्रीत चिन्हाची जागा बदलली तर महिन्यांची सवय मोडते.

डिमेन्शिया म्हणजे एकच आजार समजणं

अल्झायमरचं प्रमाण ६० ते ७० टक्के असलं तरी बाकीच्यांना विसरू नका. ल्युई बॉडी प्रकारात भास होतात आणि एकाच दिवसात तल्लखपणा वरखाली होतो, तिथे पडद्यावरचा हलता चेहरा त्रासदायक ठरू शकतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात सुरुवातीला स्मृती बरी असते, पण वागणं किंवा भाषा बदलते. त्यांना आठवण करून देणारं यंत्र देऊन काय साधणार?

मदतीच्या नावाखाली काम काढून घेणं

गॅस आपोआप बंद करणारी झडप सुरक्षित आहे, यात वाद नाही. पण शेगडी का पेटत नाही हे कळलं नाही, तर माणूस ती पुन्हा पुन्हा पेटवत बसतो, चिडतो, आणि शेवटी स्वयंपाकघरात जाणंच सोडतो. झडपेबरोबर साधी सूचना हवी आणि पुन्हा सुरू करायचा सोपा मार्गही.

टोरोंटोत अ‍ॅलेक्स मिहायलिडिस यांच्या गटाने हात धुण्यासाठी 'कोच' नावाची प्रणाली तयार केली. वरचा कॅमेरा हातांची हालचाल पाहतो आणि माणूस अडला तरच पुढची पायरी सांगतो. कुठलंही बटण दाबावं लागत नाही. माणसाला जमतं तिथे गप्प राहायचं, ही त्यातली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

घरच्यांना विचारलं, त्या माणसाला नाही

जीपीएसचा पट्टा, दाराचा सेन्सर, झोपण्याच्या खोलीतला कॅमेरा: यातून धीर मिळतो तो बहुतेकदा मुलांना. त्यांची काळजी खरी आहे आणि तिचा मान राखायलाच हवा. पण पाळत कुणावर आहे, चित्रं कोण पाहणार, हे त्या व्यक्तीला सोप्या शब्दांत सांगा आणि संमती एकदाच घेऊन मोकळे होऊ नका, पुन्हा पुन्हा विचारा. शब्द सुचत नसतील तर पट्टा ओढून काढणं हेच उत्तर समजा. डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल ही डिमेन्शिया असलेल्यांनीच २०१४ साली उभी केलेली संघटना आहे. स्वतःबद्दल बोलायला ही माणसं समर्थ आहेत, आपण त्यांना पहिल्या आराखड्यापासून सोबत घेतलं पाहिजे.

तपासणीही त्यांच्या घरी, आणि संध्याकाळीसुद्धा करा. दिवस कलताना गोंधळ आणि अस्वस्थता वाढणं नेहमीचं आहे. सकाळी अकराला प्रयोगशाळेत जमलेलं काम तेव्हा जमेलच असं नाही.

यंत्र काढायचं कधी, हे न लिहिणं

आजार पुढे सरकतो, पण सूचनापुस्तिका पहिल्या दिवसावरच थांबलेली असते. कालपर्यंत आधार देणारं साधन आज भीती वाटायला लावू शकतं. यंत्र लपवून ठेवणं, त्याच्याशी भांडणं, आवाज ऐकताच खोली सोडणं, अशी लक्षणं दिसली की थोडे दिवस ते बाजूला ठेवावं. मन शांत झालं तर ते परत आणू नये. काढून टाकताना घरच्यांना आपण हार मानल्यासारखं वाटतं, म्हणून ही परवानगी पुस्तिकेतच छापा. शेजारी हेही द्या: त्याऐवजी काय करता येईल, मदतीसाठी फोन कुणाला करायचा, आणि यंत्रात साठलेली सगळी माहिती कशी पुसायची.