हॉट एअर बलून किती वजन उचलेल? हवेच्या घनतेवरून असा काढा हिशोब

गरम हवा हलकी असते म्हणून बलून वर जातो, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पण हलकी म्हणजे किती? एक माणूस उचलेल इतकी की आठ? कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर पाच मिनिटांत उत्तर निघतं, आणि एकदा स्वतः काढून बघा, हवेला वजन असतं हे तेव्हा खरं पटतं, मला तरी तेव्हाच पटलं.

उदाहरणासाठी लोणावळ्याची उंची घेऊ, समुद्रसपाटीपासून साधारण ६२० मीटर. बलून ३००० घनमीटरचा, डिसेंबरची पहाट, बाहेर १५ डिग्री आणि आतल्या हवेचं सरासरी तापमान १०० डिग्री.

सूत्र आर्किमिडीजचंच आहे. बलूनने जेवढी थंड हवा बाजूला सारली तिचं वजन, त्यातून आतल्या गरम हवेचं वजन वजा करायचं, जे उरलं ती लिफ्ट.

पायरी १ : दाब शोधा

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा थांबून सांगतो. वेदर अ‍ॅपवर दिसणारा १०१३ वगैरे दाब सहसा समुद्रसपाटीवर आणून दाखवलेला असतो, तुमच्या जागेवरचा खरा दाब तो नव्हे. ६२० मीटरवर खरा दाब साधारण ९४१ हेक्टोपास्कल म्हणजे ९४१०० पास्कल असतो. मी पहिल्यांदा हिशोब केला तेव्हा अ‍ॅपमधला आकडा तसाच टाकला आणि लिफ्ट ६१ किलो जास्त आली, म्हणजे जवळजवळ एक अख्खा माणूस! फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर त्याचा आकडा घ्या, तो तुमच्या जागेवरचा असतो.

पायरी २ : दोन घनता काढा

घनता = दाब ÷ (२८७ × तापमान)

तापमान केल्विनमध्ये हवं, म्हणजे डिग्रीत २७३ मिळवा. २८७ हा कोरड्या हवेचा ठरलेला आकडा.

बाहेरची : ९४१०० ÷ (२८७ × २८८) = १.१३८ किलो प्रति घनमीटर
आतली : ९४१०० ÷ (२८७ × ३७३) = ०.८७९ किलो प्रति घनमीटर

आत-बाहेर दाब एकच का धरला? कारण बलूनचं तोंड खालून उघडं असतं. हवा तापली की फुगते आणि जास्तीची त्या तोंडातून बाहेर पडते, दाब वाढत नाही, आतली हवाच कमी होते. माँगोल्फिए बंधूंनी १७८३ मध्ये फ्रान्समध्ये बलून उडवला तेव्हा त्यांना वाटत होतं की धूरच वर नेतो, म्हणून गवत आणि लोकर जाळून मुद्दाम धूर करायचे. बलून उडाला मात्र या घनतेच्या फरकामुळेच.

पायरी ३ : फरकाला आकारमानाने गुणा

१.१३८ − ०.८७९ = ०.२५९, गुणिले ३००० = ७७७ किलो. झाली लिफ्ट.

आतल्या हवेचं वजन पण एकदा काढून बघाच. ०.८७९ × ३००० म्हणजे २६३७ किलो! पोकळ दिसणाऱ्या त्या कापडात अडीच टनांहून जास्त हवा असते, आणि तिने जागा घेतली ती ३४१४ किलो थंड हवेची. मला या सगळ्या हिशोबात हाच आकडा सगळ्यात आवडतो.

पायरी ४ : सामानाचं वजन वजा करा

कापड १२० किलो, बास्केट ८०, बर्नर ३०, गॅसचे चार भरलेले सिलिंडर १६० असं धरू, झाले ३९०. उरले ३८७, म्हणजे ७५ किलोच्या हिशोबाने पायलट धरून पाच जण. पण अगदी काठोकाठ भरू नका, लिफ्ट आणि वजन सारखं झालं तर बलून नुसता तरंगतो, वर चढायला थोडी जास्त लिफ्ट हाताशी लागते.

आता फक्त वेळ बदला, दुपार आणि बाहेर ३२ डिग्री. बाहेरची घनता १.०७५ वर येते, फरक ०.१९६ आणि लिफ्ट ५८८ किलो. सामान वजा जाता १९८ उरतात, पायलट आणि एकच प्रवासी. मग आतली हवा अजून तापवू असं वाटेल, पण पहाटेइतकी लिफ्ट हवी तर आत जवळपास १२९ डिग्री लागतात, आणि बलूनच्या नायलॉन कापडाची मर्यादा साधारण १२० च्या आसपास असते. बलून पहाटे उडवण्यामागे शांत वारा हे मोठं कारण आहेच, पण हेही एक कारण आहे.

अजून एक, वरच्या टोकाची हवा सगळ्यात गरम असते, त्यामुळे टोकाला १०० दाखवत असेल तर सरासरी त्याहून कमीच असणार. सरासरी ९० धरली तर पहाटेची लिफ्ट ७७७ वरून ७०५ च्या आसपास घसरते. म्हणून हा हिशोब समजून घेण्यासाठी आहे, खऱ्या उड्डाणाआधी पायलट बलून बनवणाऱ्याने दिलेला लोडिंग चार्ट बघतो आणि तोच बघायला हवा.

सरावाला नागपूर घ्या : उंची ३१० मीटर, दाब ९७७०० पास्कल, मे महिना, बाहेर ४२ डिग्री, बलून तोच आणि आत १०० डिग्रीच. लिफ्ट ५०४ किलोच्या जवळपास आली तर तुम्हाला जमलं.