सालामांकाची दोन कॅथेड्रलं: आधी बाहेरून, मग आत

स्पेनमधल्या सालामांका शहरात दोन कॅथेड्रलं एकमेकांना चिकटून उभी आहेत. जुनं बाराव्या शतकात सुरू झालं, नवं 1513 साली. अडचण अशी की आत शिरायचं दार नव्याला आहे. जुन्यात जायला नव्याच्या दक्षिण बाजूने पायऱ्या उतराव्या लागतात. म्हणजे इतिहास उलटा समोर येतो. नव्याची उंची डोळ्यांत भरल्यावर जुनं उगाच बुटकं आणि अंधारं वाटतं. म्हणून तिकीट काढण्याआधी पाऊण तास बाहेरून फेरी मारावी. सोबत छोटी दुर्बीण हवीच.

सकाळी पातिओ चीको या मागच्या चौकात उभे राहा. पूर्वेचं ऊन तेव्हा थेट जुन्या कॅथेड्रलच्या अर्धगोल भिंतींवर पडतं. वरचा खवल्यांचा टोकदार घुमट म्हणजे तोर्रे देल गायो, कोंबड्याचा मनोरा. टोकावर वारा दाखवणारा कोंबडा आहे म्हणून हे नाव. पुष्कळ जण याला घंटेचा मनोरा समजतात. तसं नाही. हे आतल्या चौरस जागेवरचं छत आहे, आणि त्याखालच्या खिडक्यांच्या दोन रांगांतून आत उजेड उतरतो. माशाच्या खवल्यांसारखी दिसणारी ती कौलं नव्हेत, दगडच आहेत. याची भावंडं जवळच्या सामोरा आणि तोरो या गावांत आहेत.

आता नजर उजवीकडे न्या आणि दोन्ही इमारतींचा सांधा शोधा. जुन्याचा आराखडा क्रुसासारखा आहे. नव्यासाठी जागा करताना त्याची उत्तरेकडची आडवी भुजा कापली गेली. मूळ बेत जुनं पाडायचा होता. पण नवं पुरं व्हायला दोन शतकं लागली (प्रतिष्ठापना 1733 साली) आणि तोवर उपासनेला छप्पर हवं होतं. त्या दिरंगाईमुळेच जुनं वाचलं. सालामांकात आणखी काहीही पाहिलं नाही तरी चालेल, पण हा सांधा चुकवू नका.

तिथून पश्चिमेला वळसा घाला. घंटेचा मनोरा 90 मीटरहून उंच आहे आणि जुन्याच मनोऱ्यावर चढवलेला आहे. त्याच्या खालच्या भागावर दगडी चिलखतासारखा जाड थर दिसेल. 1 नोव्हेंबर 1755 च्या लिस्बन भूकंपात मनोऱ्याला तडे गेले, तेव्हा तो आवळून धरायला हे अस्तर लावलं. त्याच धक्क्याने नव्या कॅथेड्रलचा घुमटही खिळखिळा झाला. वास्तुकार होआकिन दे चुरिगेराचा तो बरोक (भरघोस, नटव्या शैलीचा) घुमट जाऊन आजचा उभा राहिला.

उत्तरेच्या पुएर्ता दे रामोस या दारापाशी नेहमी गर्दी असते. दाराच्या नक्षीत एक अंतराळवीर कोरलेला आहे. तो 1992 च्या डागडुजीतला. काम कोणत्या काळचं हे कळावं म्हणून पाथरवटाने ठेवलेली खूण. जवळच आइस्क्रीम खाणारा एक प्राणीही सापडेल. पण दगडाला हात लावू नका. हा विय्यामायोर गावचा वालुकाश्म खाणीतून निघताना ओला आणि मऊ असतो, म्हणून इतकी बारीक नक्षी जमते. पुढे वाळून तो कडक होतो, आणि त्यातल्या लोहामुळे सोनेरी रंग येतो. त्याच्यातल्या मातीच्या अंशाला मात्र ओल सोसत नाही. ओल चढली की पापुद्रे सुटतात.

आत गेल्यावर नव्यात फार रेंगाळू नका. खांबांवरून निघालेल्या फासळ्या छतावर चांदण्यांसारख्या पसरतात, ती गॉथिक म्हणजे मध्ययुगीन युरोपातली शैली. मधला घुमट त्यानंतरचा. एवढा फरक ओळखता आला की पुढे निघा.

जुन्यात उतरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा. मुख्य वेदीमागे 53 चित्रफलक आहेत, पंधराव्या शतकातले, आणि त्यांच्या वरच्या अर्धगोलात अंतिम न्यायाचं, म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्त करील त्या निवाड्याचं भित्तिचित्र. सगळं एकदम पाहायला गेलात तर रंगांचा नुसता गलका होतो. दुर्बिणीने एकेक ओळ घ्या. भित्तिचित्रात आधी ख्रिस्त शोधा. त्याच्या उजव्या हाताला तरलेले, डाव्या हाताला राक्षसाच्या जबड्यात लोटले जाणारे. चित्रफलकांच्या मधोमध बसलेली व्हिर्हेन दे ला वेगा ही शहराची संरक्षक मानलेल्या मेरीची मूर्ती, तांब्यावर सोन्याचा मुलामा आणि मीनाकाम.

घंटेच्या मनोऱ्याखालचं सान मार्तिन चॅपेल (छोटं प्रार्थनागृह) हमखास राहून जातं. तिथल्या भित्तिचित्रांवर 1262 हे साल आणि आन्तोन सांचेस दे सेगोविया हे चित्रकाराचं नाव दोन्ही आहेत. त्या काळात असं क्वचितच सापडतं.

शेवटी ओवऱ्यांच्या चौकात या. सांता बार्बारा चॅपेलमध्ये विद्यापीठाची पदवी-परीक्षा होत असे. उमेदवार बिशप हुआन लुसेरोच्या थडग्यासमोर, त्या दगडी मूर्तीच्या पायांना पाय टेकवून, रात्रभर अभ्यास करी.

मनोऱ्यांवर चढायचं असेल तर येरोनिमुस या प्रदर्शनाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. जिने अरुंद आणि गोल आहेत. गुडघ्याचं दुखणं किंवा पाठीवर मोठी पिशवी असेल तर टाळा. बाकीच्यांनी जरूर जावं: सकाळी खालून पाहिलेले कोंबड्याच्या मनोऱ्याचे खवले तिथून अगदी जवळून दिसतात.