मृगाच्या आत उरका: गाडीची पावसाळी कामं घरच्या घरी

मे संपत आला की मी एक रविवार गाडीसाठी राखून ठेवतो. गाडी रोजच्या वापरातली, नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. सकाळी सातला पार्किंगमध्ये बादली घेऊन उतरलं की जेवणाच्या वेळेपर्यंत कामं आटोपतात. पावसाळ्यात गाडी दोन गोष्टींनी छळते. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट मिळत नाही आणि रात्री दिव्यांचा उजेड रस्त्यावर पुरेसा पडत नाही. दोन्हींवरचा उपाय हाताने करण्यासारखा आहे, खर्चही फारसा नाही. म्हणून नवीन म्युझिक सिस्टीम किंवा अलॉय व्हील घेण्याआधी एवढं करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

सामान: १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, जुना टूथब्रश, दोन-तीन लांब केबल टाय, साधा मल्टिमीटर, खायचा सोडा, सुती फडकी.

१. पाण्याच्या वाटा मोकळ्या करा

सुरुवात इथूनच करा, कारण गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला गाडी दिली तरी हे काम बहुधा राहून जातं.

बोनेट उघडा. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली काळी प्लास्टिकची जाळी दिसेल. काचेवरून ओघळलेलं पाणी या जाळीतून खालच्या पन्हाळीत जातं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर पडतं. गाडी गुलमोहराखाली लावत असाल तर जाळीचा उपयोग नाही, त्याची बारीक पानं सरळ आत जातात. चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीत डाव्या सीटसमोरची मॅट सतत ओली राहायची. एका गॅरेजमध्ये काचेचं रबर बदलायला सांगितलं. घरी येऊन जाळीच्या कोपऱ्यात बोट घातलं, तर काळा, चहाच्या चोथ्यासारखा लगदा हाताला लागला. तो काढला आणि पाणी थांबलं.

मोठी पानं हाताने वेचा. मग एक मग पाणी जाळीच्या डाव्या टोकाला ओता आणि वाकून गाडीखाली बघा. काही सेकंदांत धार पडायला हवी. थेंब थेंब पडत असेल तर केबल टाय भोकातून हळूच खालीवर करा आणि पुन्हा पाणी ओता. मग उजवी बाजू. जाड तार घालू नका, काही गाड्यांत खालच्या टोकाला रबरी तोंड असतं, ते निसटतं. पन्हाळ तुंबली की साचलेलं पाणी एसीच्या हवेच्या वाटेने आत येतं आणि डाव्या पायाशी उतरतं.

आता दारं. दार उघडून खालच्या कडेला हात फिरवा, दोन-तीन लहान भोकं किंवा खाचा सापडतील. काचेच्या फटीतून दारात उतरणारं पाणी इथून जातं. झाडूची काडी घालून माती काढा. दार उघडताना आत पाणी डचमळल्याचा आवाज येत असेल तर भोकं नक्की बुजली आहेत. दार खालून गंजायला सुरुवात होते ती अशीच. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांतही थोडं थोडं पाणी सोडून ते खाली उतरतंय का, ते पाहा.

मॅट ओली होण्याची आणखी दोन कारणं असतात. पाऊस नसतानाही ओल येत असेल आणि एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट वाफ धरत असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे. अशी गाडी मात्र मेकॅनिककडेच न्या.

२. बॅटरी

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण. मग इंजिन सुरू करून पुन्हा मोजा. साध्या गाडीत १३.८ ते १४.४ च्या आसपास आकडा आला की अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, काम करतोय.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर इंजिन बंद करा आणि आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट, निगेटिव्ह शेवटी. हा क्रम सोडू नका. पॉझिटिव्ह सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असलं, तर मोठी ठिणगी उडते. गरम पाण्यात सोडा कालवून टूथब्रशने घासा, बॅटरीची बुचं असतील तर त्यांत ते पाणी जाऊ देऊ नका. कोरडं पुसा, टर्मिनल आवळा, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

३. वायपर, टायर, द्रव

वायपरचं रबर ओल्या फडक्याने पुसा. फडकं काळं झालं आणि काचेवर तरीही रेघा उठल्या तर नवीन ब्लेड घ्या. ड्रायव्हरकडचं आणि डावीकडचं माप बऱ्याच गाड्यांत वेगळं असतं. ब्लेड काढल्यावर काचेवर जाड टॉवेल अंथरा, उघडी दांडी स्प्रिंगने काचेवर आपटली तर काच तडकते.

टायरच्या नक्षीत खोबणीच्या तळाशी लहान उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बाद. पावसाळ्याच्या तोंडावर मी तेवढीही वाट पाहत नाही, ३ मिलिमीटरच्या खाली गेला की बदलतो. हवा टायर गार असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. स्टेपनी विसरू नका.

कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी डब्याबाहेरूनच दिसते, ती दोन खुणांच्या मध्ये हवी. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आणि सांडलेलं कूलंट लगेच धुवा. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात आणि दगावतात.

४. पिवळे पडलेले हेडलाइट

माझ्या मते जुन्या गाडीतला सगळ्यात उपयोगाचा बदल हाच. हेडलाइटची काच खरं तर पॉलिकार्बोनेटची असते. उन्हाने तिच्यावरचा संरक्षक थर जातो आणि ती पिवळी, धुरकट होते. टूथपेस्टने घासली तर काही आठवडे चमकते आणि पुन्हा पिवळी होते, कारण तो थर परत आलेला नसतो.

हेडलाइट धुऊन घ्या, भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावा. मग १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून आडवा फिरवा, सतत पाणी ओतत राहा. सुरुवातीला पिवळट पाणी निघेल. ते दुधाळ पांढरं झालं की २००० नंबरचा पेपर उभा, शेवटी ३००० चा. या टप्प्याला दिवा पूर्ण धूसर दिसतो आणि आपण तो बिघडवला असं वाटतं. घाबरू नका. पॉलिशिंग कंपाउंडने दहा मिनिटं नेटाने घासल्यावर आतला रिफ्लेक्टर (बल्बमागचा चकचकीत आरसा) स्वच्छ दिसायला लागतो. मग स्पिरिटने पुसून यूव्ही क्लिअर कोटचे (उन्हापासून वाचवणाऱ्या पारदर्शक लेपाचे) दोन पातळ हात द्या आणि डब्यावर लिहिलंय तितका वेळ सुकू द्या. हा शेवटचा हात टाळलात तर सगळी मेहनत वाया जाईल.

बल्ब जास्त वॉटचा घालू नका. एच४ प्रकारात ६०/५५ वॉट हेच माप आहे. १००/९० ने सॉकेट वितळतं, आणि समोरून येणाऱ्याला घाटात काहीच दिसत नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकला तरी उजेड असाच चहूकडे फाकतो. त्याऐवजी इंजिन आणि दिवे चालू ठेवून बल्बच्या सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्ट किंवा जास्त कमी भरलं, तर फ्यूज असलेलं तयार रिले वायरिंग, म्हणजे दिव्याला थेट बॅटरीतून वीज देणारी जोडणी, बसवा. त्याच ६०/५५ च्या बल्बचा उजेड वाढलेला डोळ्यांना कळतो. मूळ वायर कुठेही कापायची नाही, कपलर (वायरच्या टोकाचा प्लग) कपलरमध्येच बसला पाहिजे. बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाच्या तेलकटपणाने ती तिथे जास्त तापते.

संध्याकाळी गाडी सपाट जागी भिंतीसमोर सातेक मीटरवर उभी करा. डिपरच्या (लो बीमच्या) उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली असावी आणि फक्त डावीकडे वर चढलेली असावी. कड याहून वर जात असेल तर हेडलाइटचा झोत खालीवर करायचा स्क्रू फिरवून ती खाली आणा.

ब्रेक, पेट्रोलची लाइन आणि एअरबॅग यांना घरी हात लावू नका. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिथे न शिवलेलं, खास मापाचंच सीट कव्हर घ्या.

पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी डावी मॅट उचला आणि खालच्या कार्पेटवर तळहात जोरात दाबा. वरून कोरडं दिसणाऱ्या कार्पेटच्या खाली जाड फेल्ट असतं, पाणी तिथे लपतं. हाताला गारवा लागला तर पुन्हा मग घेऊन जाळीपाशी या.