'ऑरेंज'ला यमक मिळत नाही तेव्हा: इंग्रजी पद्य लिहू लागणाऱ्यांसाठी

मराठीत कविता करणारे इंग्रजी पद्याकडे वळले की बहुतेकांची पहिली चूक एकच असते. 'वॉकिंग'ला 'सिंगिंग' जोडतात. मराठी कानाला त्यात काही खटकत नाही, कारण शेवटची एक-दोन अक्षरं जुळली की आपलं यमक भागतं. इंग्रजीत यमक आघातापासून, म्हणजे शब्दातल्या ज्या अक्षरावर जोर पडतो तिथपासून मोजतात. शब्दातल्या शेवटच्या ठळक आघाताचा स्वर धरायचा. तिथपासून टोकापर्यंतचे सगळे उच्चार सारखे हवेत आणि त्या स्वराआधीचं व्यंजन वेगळं हवं. 'वॉकिंग'चा आघात 'वॉ'वर आहे, म्हणजे जुळवायची शेपटी 'ऑकिंग'. तिला 'टॉकिंग' चालेल. 'सिंगिंग'ला 'ब्रिंगिंग' हवं. 'स्टेशन'ला 'नेशन' जुळतं, 'ॲक्शन' जुळत नाही. 'हॉटेल'चा जोर आपण पहिल्या अक्षरावर देतो, इंग्रजीत तो दुसऱ्यावर आहे, म्हणून त्याचं यमक 'बेल', 'स्मेल'. तेव्हा शब्द कितीही ओळखीचा असो, शब्दकोशातली आघाताची खूण आधी बघा.

शेपटी देवनागरीत लिहून काढण्याची सवय फार उपयोगाची आहे, कारण इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांना फसवतं. 'लव्ह' आणि 'मूव्ह' कागदावर जुळे भाऊ दिसतात, कानाला नाहीत. 'लव्ह'ची खरी यमकं मोजकीच: 'डव्ह', 'ग्लव्ह', 'शव्ह', 'अबव्ह'. जुन्या कवितेत न जुळणाऱ्या जोड्या दिसल्या तर त्यांचं अनुकरण करण्याआधी काळ बघा. अठराव्या शतकात 'टी', म्हणजे चहा, 'टे' असाही उच्चारत, त्यामुळे तेव्हा तो 'ओबे'शी चोख जुळायचा. देवनागरीचीही एक अडचण आहे. 'पेन' आणि 'पेन', म्हणजे लेखणी आणि वेदना, आपण सारखेच लिहितो, पण इंग्रजीत हे दोन वेगळे स्वर आहेत. अशा ठिकाणी शब्दावर खूण करून ठेवा.

शेपटी ठरली की तिच्यापुढे एकेक व्यंजन लावत जायचं. आधी सुटी: ब, च, ड, फ, ग... मग जोडाक्षरं: ब्ल, ब्र, क्ल, क्र, ड्र, फ्ल, स्ट, ट्र. शेवटी तिहेरी: स्प्र, स्ट्र, स्क्र. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कुठलंही साधन उघडण्याआधी ते हातानं करावं, कारण यादीतून आलेला शब्द आणि स्वतःच्या तोंडून आलेला शब्द ओळीत वेगळे बसतात. त्यानंतर ऱ्हाइमझोन ही यमकं शोधून देणारी वेबसाइट बघा. शंका राहिली तर सीएमयू प्रोनाउन्सिंग डिक्शनरी हा कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश आहे. त्यात 1 लाख 34 हजारांहून अधिक शब्दांचे उच्चार आहेत आणि मुख्य आघाताच्या स्वराला 1 हा आकडा लावलेला असतो. तो 1 जिथे शेवटचा येतो तिथून पुढचं सगळं जुळलं, की यमक पक्कं. हे उच्चार अमेरिकी आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

आता अवघड शब्द. ते अवघड का, हे कळलं की निम्मा वेळ वाचतो. 'मन्थ', 'डेप्थ', 'वॉर्म्थ', 'विड्थ' यांच्या शेवटी 'थ' आहे. तो व्यंजनाला चिकटल्यावर असा जोड तयार होतो जो दुसऱ्या शब्दात सहसा सापडत नाही. अशा शब्दांना चोख यमक शोधत बसू नका. 'ऑरेंज'ची गोष्ट निराळी. संस्कृत 'नारंग' फारसी, अरबी, फ्रेंच असा प्रवास करत, वाटेत 'न' गमावून इंग्रजीत पोचला. आपली नारिंगी त्याच घरातली. पहिल्या अक्षरावर आघात आणि मागे दुबळं 'इंज', अशी घडण इंग्रजीत दुर्मीळ आहे.

दुर्मीळ म्हणजे शून्य नव्हे. वेल्समध्ये ॲबरगवेनीजवळ ब्लोरेंज नावाची 561 मीटर उंचीची टेकडी आहे. 'सिल्व्हर'ला 'चिल्व्हर', म्हणजे मेंढीचं मादी कोकरू. 'पर्पल'ला स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतला 'हर्पल', म्हणजे लंगडत चालणं. पण असा शब्द वापरला की वाचक अर्थ शोधायला थांबतो आणि कविता तिथेच अडकते. विनोदी पद्यात, किंवा कविता खरोखर त्या टेकडीची असेल तरच तो घ्यावा.

दुसरी वाट दोन-तीन शब्द जोडून यमक करण्याची: 'पोएट'ला 'नो इट'. इंग्रज कवी बायरननं 'इंटेलेक्च्युअल'ला 'हेनपेक्ड यू ऑल' जोडलं ते याच पद्धतीनं. यात हमखास बिघडतं ते वजन. 'ऑरेंज'ला 'डोअर हिंज' सगळे सुचवतात, पण 'हिंज' वर स्वतःचा जोर असतो आणि 'ऑरेंज'चा शेवट मऊ आहे. मोठ्यानं वाचलं की ओळ लंगडते. 'नो इट'मधलं 'इट' हलकं आहे, म्हणून ते बसतं. जोडयमकाचा शेवटचा शब्द नेहमी असा हलका घ्या: 'इट', 'मी', 'देम', 'ऑव्ह'.

आणि सगळ्यांत भरवशाचा उपाय म्हणजे शब्द ओळीच्या टोकावरून हलवणं. 'द रेन केम लेट दिस मन्थ' अशी ओळ सुचली आणि पुढे काही सुचेना. तेच सहा शब्द फिरवा: 'दिस मन्थ द रेन केम लेट'. तीन आघात होते, तीनच राहिले, अर्थ जागच्या जागी, आणि टोकाला आलेल्या 'लेट'ला 'गेट', 'वेट', 'प्लेट', 'स्लेट' अशी रांग मोकळी झाली. पुढची ओळ 'द कॅटल क्राउड द गेट', तीही तीन आघातांचीच. नवशिके यमक शोधण्यात तास घालवतात आणि शब्द हलवून बघत नाहीत, याची खरंच हळहळ वाटते.

शब्द टोकालाच हवा असेल तर अर्धयमक घ्या. स्वर तोच ठेवा आणि शेवटचं व्यंजन त्याच्या भावकीतलं निवडा: म-न-ङ एका घरचे, प-ट-क दुसऱ्या, फ-थ-स तिसऱ्या. 'डेप्थ'ला 'स्टेप्स', 'मन्थ'ला 'वन्स'. असं यमक पहिल्याच कडव्यात एकदा तरी येऊ द्या, म्हणजे वाचकाचा कान तयार होतो. तीन चोख कडव्यांनंतर चौथ्यात अचानक आलं तर ते चूकच वाटतं. जोडीतला ओढूनताणून आणलेला शब्द आधीच्या ओळीत आणि सहज आलेला नंतरच्या ओळीत ठेवा. उलट ठेवलं की ओढाताण उघडी पडते.

शेवटी, ब्रिटिश की अमेरिकी हे पहिल्या ओळीआधीच ठरवा. 'क्लार्क' ब्रिटिश तोंडात 'पार्क'शी जुळतो, अमेरिकेत तोच 'क्लर्क' होऊन 'वर्क'शी. मुलांच्या एबीसीडीच्या गाण्यात 'झी'ला 'मी' जुळतं. आपल्या शाळांतल्या सवयीनं 'झेड' म्हटलं, की ते यमक तिथेच तुटतं.