जुन्या वाड्याच्या भिंतीच्या दरजा चुन्याने कशा भराव्यात

जुन्या भिंतीला सिमेंट लावू नका. वाड्याचे जोते दगडी आणि वरची भिंत पातळ विटांची असते. पावसात अशी भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात दरजांमधून, म्हणजे विटा-दगडांमधल्या सांध्यांतून, ते बाहेर टाकते. सिमेंटने ही वाट बंद झाली की पाणी विटेतून निघू लागते, सोबत आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साचतात आणि लोणा लागून विटेचे पापुद्रे सुटतात. दरज पुन्हा भरता येते, झिजलेली वीट भरून येत नाही.

आधी पाणी कुठून येते ते शोधा. फुटकी कौले, तुंबलेली पन्हाळ आणि जोत्यालगत साचलेली माती यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय दरजांना हात लावू नका. भिंतीत उगवलेला पिंपळ ओढून काढू नका, मुळांबरोबर चिरेही निघतात. बुंधा कापून मूळ मारा, ते वाळल्यावरच पोकळी भरा.

चुना महिनाभर आधी विरवायला घ्या. पाण्यात चुनकळी (भाजलेल्या, न विरवलेल्या चुन्याचे खडे) थोडी थोडी सोडा, चुनकळीवर पाणी ओतू नका. मिश्रण उकळून उडते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना गाळून किमान 3-4 आठवडे पाण्याखाली मुरू द्या. मापाने 1 भाग चुना आणि 3 भाग धुतलेली, खरखरीत वाळू घ्या. जोत्याजवळच्या ओलीसाठी वाळूतला 1 भाग कमी करून सुरखी, म्हणजे विटेची पूड, घाला, पण ती कमी भाजलेल्या विटेची असावी. जास्त भाजलेल्या विटेची पूड चुन्याशी नीट जुळत नाही. कोकणात खाडीची वाळू वापरल्यास क्षार तुम्हीच भिंतीत घालता.

दरज रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिलिमीटर खोल उकरा. छिन्नी-हातोडीच वापरा, ग्राइंडर विटांच्या कडा खातो. जुने सिमेंट इतके घट्ट असेल की काढताना दगड फुटेल, तर तेवढे राहू द्या. दरज ब्रशने झाडा, वरून खाली धुवा आणि ओली असतानाच भरा, पण पाणी साचलेले नको. एका वेळी 10-12 मिलिमीटरचा थर दाबून बसवा. शेवटचा थर दगडाच्या तोंडापेक्षा किंचित आत ठेवा. अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल इतका तो आवळला की ताठ ब्रशने ठोका.

इथून पुढची हयगय सगळ्यात महाग पडते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओल लागते. उन्हात भराभर वाळला तर भुकटी होतो. किमान 7, सुरखी असेल तर 10 दिवस ओली पोती टांगा. काम दिवाळीनंतर, थंडीत काढावे.

हेमाडपंती देवळांना हा उपाय लागू नाही. त्यांचे चिरे चुन्याशिवाय बसवलेले आहेत, त्या फटी भरायच्या नाहीत. केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत घर असेल, तर दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते.