पिकअपचा बेल्ट काढण्याआधी फोटो काढा

सकाळी सेल मारला की चिरचिर आवाज आणि इंजिनच्या पुल्यांवरून फिरणाऱ्या बेल्टच्या आतल्या बाजूला भेगा, म्हणजे बदलायची वेळ झाली. काम घरी होतं. अडतं एकाच ठिकाणी: जुना काढल्यावर नवा कुठल्या पुलीवरून कसा फिरवायचा हेच कळत नाही.

१. इंजिन पूर्ण गार हवं, म्हणून जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पहाटेच हात घाला. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा.

२. मोबाईलवर समोरून आणि वरून फोटो घ्या. टॉर्च लावून, प्रत्येक पुली दिसेल असा.

३. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी स्प्रिंगची पुली) पान्याने फिरवून बेल्ट उतरवा. पुल्या हाताने फिरवा. खरखर लागली तर आधी बेअरिंग बघा, नाहीतर नवा बेल्टही लवकर जाईल.

४. दुकानात जुना बेल्टच न्या. पाठीवर ६पीके१२०५ असं काही असेल तर ६ म्हणजे धारा (बेल्टच्या आतल्या बाजूचे लांब उंचवटे) किती ते, १२०५ म्हणजे मिलिमीटरमध्ये लांबी. पुसलं असेल तर धारा मोजा.

५. फोटो बघून नवा चढवा, गुळगुळीत पुली शेवटी. सगळ्या धारा खाचेत बसल्यात का ते बोटाने चाचपा.

टेन्शनर झटक्यात सोडू नका, स्प्रिंग जोरदार असते. जुना तुटलेला नसेल तर सीटखाली ठेवा. केळी भरून रावेरहून निघालात आणि वाटेत नवा गेला, तर गॅरेजपर्यंत पोचवेल.