जुन्या कॅसेटचा आवाज साफ करताना तानपुरा घालवू नका

आमच्या आत्याचं गाणं फक्त एका कॅसेटवर आहे, १९८७ च्या गणपतीत घरीच झालेली बैठक, समोर टू-इन-वन ठेवून रेकॉर्ड केलेली. मी ती आधी एका दुकानात डिजिटल करायला दिली होती. फाइल आली, खरखर सगळी गेलेली, पण मागचा तानपुरा पण गेलेला आणि आत्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. मग सगळं परत घरी केलं. त्यातून जे कळलं ते लिहितोय, कारण अशा कॅसेटी अजून बऱ्याच घरांत पडून आहेत.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच अर्धं काम होतं. पहिलं म्हणजे कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती चांगल्या डेकमध्ये (कॅसेट वाजवायच्या मशीनमध्ये) अजिबात घालू नका. हेड (टेपवरचा आवाज वाचणारा धातूचा भाग) आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कापसाच्या इअरबडवर तपकिरी डाग येतो तो यायचा थांबेपर्यंत. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हेडच्या बाजूचा तो छोटा स्क्रू, त्याने अ‍ॅझिमथ म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन बदलतो. ज्या मशीनवर रेकॉर्ड झालं त्याचं हेड जरा तिरकं असेल तर तुमच्या डेकवर आवाज दबलेला येतो आणि आपण म्हणतो कॅसेट खराब झाली. स्क्रू आधी कुठे होता तिथे मार्करने खूण करा, मग टेप चालू ठेवून अगदी थोडा थोडा फिरवा, आवाज जिथे सगळ्यात उघडा वाटेल तिथे थांबा. माझ्याकडे तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा तो टणक बोल, एकदम टणकन ऐकू यायला लागली तेव्हा कळलं की जागा मिळाली. हे नंतर कुठल्याही फिल्टरने होत नाही. रेकॉर्डिंग मोनो असेल तर हे जमल्यावर दोन्ही चॅनल एकत्र करा, गाणं दोन्हीकडे सारखंच असतं पण हिस (टेपची सततची सळसळ) वेगवेगळा, त्यामुळे ३ डेसिबलचा फायदा फुकट मिळतो.

रेकॉर्ड करताना लाइन-इन वापरा, माइकचं भोक नको. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खालीच राहू द्या. घूंऽऽ असा आवाज येत असेल तर टेप थांबवून बघा, तरीही येत असेल तर तो कॅसेटमधला नाही, तुमच्या वायरिंगचा आहे. बहुतेक वेळा लॅपटॉपचा चार्जर काढला की जातो.

ही मूळ फाइल अशीच जपून ठेवायची, पुढचं सगळं कॉपीवर. मी ऑडॅसिटी वापरलं, ते फुकट आहे.

टेपमध्येच हम (तो घूंऽऽ आवाज) असेल तर ५० हर्ट्झला नॉच फिल्टर लावा, तो तेवढाच सूर कापतो, पण अगदी अरुंद, क्यू (जितका मोठा तितका काप अरुंद) ३० च्या आसपास. हम दुप्पटीला, १०० ला पण असतो, तिथे मात्र जपून. आत्या पांढरी पाचला (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) गायची, त्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालची तार, ९८ हर्ट्झला येतो, म्हणजे शेजारीच. मी तिथे हात लावला नाही. क्लिक काढायचा इफेक्ट पण अख्ख्या फाइलला लावू नका, तबल्याची चाट आणि टाळ त्याला क्लिकच वाटतात, जिथे टक् आहे तेवढाच तुकडा निवडा.

मग हिस. नॉइज रिडक्शनला नुसत्या हिसचा नमुना द्यावा लागतो आणि इथेच आपल्या संगीताची गोची होते, कारण तानपुरा थांबतच नाही. दोन गाण्यांमधली शांतता निवडली तर त्यात तानपुरा असतो, आणि सॉफ्टवेअर त्यालाच नॉइज समजून सगळीकडून काढून टाकतं. दुकानात बहुधा हेच झालं असणार. टेपच्या शेवटचा कोरा भाग पण चालत नाही, त्याचा हिस वेगळा असतो. रेकॉर्डिंग चालू झालंय पण तानपुरा अजून छेडलेला नाही असे एक-दोन सेकंद शोधा, मला सुरुवातीलाच मिळाले.

रिडक्शन ६ डेसिबल, जास्तीत जास्त ८. लावायच्या आधी तिथेच रेसिड्यू नावाचा पर्याय निवडून प्रिव्ह्यू ऐका, म्हणजे जे काढलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात नुसती सळसळ असली तर ठीक, पण जवारी (तानपुऱ्याची झणझण) किंवा गाण्यातला स आणि श ऐकू आला तर आकडा खाली आणा. हेडफोनवर ऐका, आणि एका दमात सगळं करू नका, दीड तासाने कान थकतो आणि हात सैल सुटतो. थोडा हिस राहिला तर राहू द्या, दोन मिनिटांत तो कानाआड होतो, गेलेली जवारी परत येत नाही.

शेवटी फ्लॅकमध्ये (फाइल लहान होते पण आवाज जरासुद्धा बिघडत नाही) सेव्ह करा, मूळ आणि साफ केलेली दोन्ही, दोन वेगळ्या डिस्कवर. आणि फाइलच्या नावात साल, राग, साथीला कोण ते टाका. आमच्याकडे तबल्यावर कोण होतं हे कॅसेटवर लिहिलेलंच नव्हतं, काकांना फोनवरून तुकडा ऐकवला तेव्हा त्यांनी ठेका ऐकूनच नाव सांगितलं.